चार म्हशींच्या घरातली भूक

अक्का, तू गेलीस त्याला आज सतरा दिवस झाले आणि मी अजून तुझ्याच घरात आहे. भेटायला येणारी माणसं आता आटली. पहिले दहा-बारा दिवस ओसरी भरलेली असायची. दाजी खांबाला टेकून बसायचे आणि येईल त्याला एकच गोष्ट सांगायचे. "हिनं कधी मागून खाल्लं न्हाई. सगळ्यांचं झाल्यावर जे उरंल ते. अशी बाई मिळायला नशीब लागतंय."

ऐकणारे मान डोलवायचे. एक म्हातारबा म्हणाले, देवमाणूस होती. दुसरे एक, गावातले मोठे बागायतदार, म्हणाले की आजकालच्या पोरींना हे जमायचं नाही. हे म्हणताना त्यांच्या हातात चहाची बशी होती. तो चहा घेऊन आलेली तुझी सून सीमा, पाच महिन्यांची पोटुशी, सकाळपासून उपाशी, रिकामे कप गोळा करायला दाराशी उभी होती.

मला किळस आली. तुझ्या जाण्याचं दुःख मला नंतर झालं, आधी किळस आली. मी रडले नाही तेव्हा बाया एकमेकींत म्हणाल्या, नर्सबाई हाय, मरण लय बघितलंय तिनं. बघितलंय. पण मी रडत नव्हते ते त्यामुळे नाही. दात आवळून बसलं की रडता येत नाही.

बैलाला पेंड कमी पडली तर या गावात गड्याला शिव्या बसतात. आणि बाई उभं आयुष्य अर्धपोटी राहिली तर तिच्या तेराव्याला त्याचं कौतुक होतं. ही माणसं स्वतःला खानदानी म्हणवतात.

या घरात खायला नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. असती तर मी कदाचित गप्प बसले असते. तुला दिलं त्या साली इथं ज्वारीची पोती आढ्याला लागलेली होती, तूर घरची, शेंगा घरच्या, दावणीला चार म्हशी. अण्णांनी वालूरकडच्या आपल्या कोरडवाहू घरातून तुला चुडाव्याच्या बाजूच्या या गावात दिलं ते त्या चार म्हशी बघून. सोयरीक ठरली त्या दिवशी ते आईला म्हणाले होते, पोरगी दुधातुपात राहील.

तू सतराची होतीस, मी अकराची. दुधाचं काय होतं ते तुला महिन्याभरात कळलं. सकाळचं दूध डेअरीला, संध्याकाळचं पुरुषांना, तूप पाहुण्यांपुढं मिरवायला. तुझी सासू दुधाच्या पातेल्यावर झाकण घालून त्यावर वरवंटा ठेवायची. वरण पुरुषांच्या पंगतीत संपायचं. बायकांना भाकरी आणि मिरचीचं तिखट, आणि बायकांतही सगळ्यात शेवटी थोरली सून. दिवसभर खुरपं चालवून आल्यावर दोन भाकरी. कधी दीड.

हे मी बघितलं नव्हतं असं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. तेरा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुझ्याकडं पंधरा दिवस राहिले. मी पाहुणी, म्हणून मला दूध होतं. तुझी सासू स्वतः माझ्या ताटात भाकरी कुस्करून वर दूध ओतायची, आणि तू शेजारी बसून मला वारा घालायचीस. एकदा मी म्हटलं, तू पण घे ना. तू म्हणालीस, मला दूध पचत न्हाई. मी ते खरं मानलं, कारण खरं मानलं की दूध माझं राहत होतं. घरी आल्यावर आईनं विचारलं, अक्का कशी आहे? मी म्हणाले, लय खातंपितं घर हाय. आई त्या दिवशी निवांत झोपली असेल. मी आज सगळ्यांना नावं ठेवत बसलेय खरी, पण माझं नाव त्यांतून सुटलेलं नाही.

पुढच्या चैत्रात सासरहून सांगावा आला, तुमची पोरगी घेऊन जा, तिला महारोग झालाय.

अण्णा जाऊन तुला घेऊन आले. तू एसटीतून उतरलीस तेव्हा मी तुला आधी ओळखलंच नाही. दोन्ही हात कोपरापासून खाली काळे, जळाल्यासारखे, कातडी भेगाळून सुटलेली. पायांचं तेच. गळ्याभोवती तसाच काळा पट्टा, कुणी तापली तार फिरवावी तसा. जीभ लालभडक. जुलाबांनी तू वाळून गेली होतीस, आणि बोलता बोलता मधेच थांबायचीस, आपण कुठं आहोत ते विसरल्यासारखी. सासरी तुला दोन महिने गोठ्यात ठेवलं होतं, ताट वेगळं करून. त्याच चार म्हशींच्या शेजारी. म्हशींना वेळेवर पेंड मिळत होती.

आणि आपल्या घरानं काय केलं? आईनं तुला जवळ घेतलं नाही. पडवीत गोणपाट टाकलं आणि म्हणाली, हितं बस. मला तिनं तुझ्याजवळ जायची बंदी केली. मी ती मोडली नाही.

आठ दिवसांनी अण्णा तुला परभणीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. दाजीही आले. त्यांना सोडचिठ्ठीचं बोलायचं होतं, पण त्याआधी डॉक्टरच्या तोंडून महारोग हा शब्द ऐकायचा होता. तुला सारखं परसाकडं न्यावं लागायचं म्हणून सोबत मी.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी तुझे हात स्वतःच्या हातात घेतले. दोन महिन्यांत तुला कुणी शिवलं नव्हतं. हात उलटेपालटे केले, गळा बघितला, जीभ बघितली, आणि म्हणाले, हा महारोग नाही. मग विचारलं, रोज काय जेवता?

तू दाजींकडं बघितलंस. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याकडं बघू नका, मला सांगा. तू म्हणालीस, भाकरी. आणखी काय? तिखट. आणखी? तू काळे हात पदराखाली घेतलेस.

"घरी दुभतं आहे का?" त्यांनी दाजींना विचारलं.

"चार म्हशी हायत," दाजी म्हणाले. छाती काढून म्हणाले.

"मग दूध पितं कोण?"

दाजी खिडकीकडं बघायला लागले. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळ्या लिहिल्या. ज्वारी वाईट नाही, म्हणाले, पण नुसती ज्वारी आणि तिखट खाऊन राबलं की अंगाला एक जीवनसत्त्व कमी पडतं. उन्हात उघडं राहणारं कातडं आधी जळतं, मग पोट बिघडतं, मग डोकं. गोळ्या घ्या, शेंगदाणे द्या, डाळ द्या, दूध द्या.

एवढंच होतं ते. मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर वरण यांच्यासाठी तू गोठ्यात पडली होतीस, आणि दोन्ही गोष्टी भिंतीपलीकडं पोत्यांनी भरलेल्या होत्या.

महिन्याभरात खालून नवी कातडी आली आणि सोडचिठ्ठीचं बोलणं मागं पडलं. तू सासरी जायला निघालीस तेव्हा मी तुझा पदर धरला. तू माझी बोटं सोडवलीस आणि म्हणालीस, हितं तरी कुठं म्हशी हायत. इकडं तुझ्या सासूनं गावभर सांगितलं की मी नवस बोलले म्हणून सून बरी झाली. नवस फेडायला गावजेवण घातलं. त्या दिवशी तू मागच्या अंगणात भांडी घासत होतीस.

मी नर्सिंगला गेले. पहिल्याच वर्षी पुस्तकात तुझा गळा दिसला. बाई दुसरीच होती, पट्टा तोच. खाली आजाराचं नाव, पेलाग्रा. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आता हा फारसा दिसत नाही. मी उठून सांगायला हवं होतं की आमच्या घरात दिसला. मी नाव वहीत उतरवून घेतलं.

उपचार मिळाले की रुग्ण बरा होतो, असं त्या पुस्तकात लिहिलं होतं. तू बरी झालीस म्हणजे काय झालीस ते मी पुढची चाळीस वर्षं बघितलं. तळपायांची आग कधी गेली नाही, थंडीतसुद्धा तू ओल्या फडक्यावर पाय ठेवून बसायचीस. बोटांची जाण गेली, तव्याला हात चिकटला तरी वास येईपर्यंत तुला कळायचं नाही. पन्नाशीत पाठीला बाक आला. दोन गर्भ गळाले. तिसरा बालाजी राहिला, तो दोन किलोचाही भरला नाही, कारण तुझ्या सासूचं म्हणणं होतं की पोटुशीनं जास्त खाल्लं की मूल मोठं होऊन अडतं. तोच बालाजी चौतिसाव्या वर्षी शुगरच्या गोळ्यांवर आला. अंगानं काडी, तरी शुगर. मी त्याला जिंतूरला दाखवलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो जन्माच्या वजनाचा. पोटात उपाशी राहिलेलं शरीर मोठेपणी भरपूर खाणं आलं की ते पेलत नाही, असं ते म्हणाले. दाजी अजून म्हणतात, पोरगा गोड लय खातोय.

आता आपल्या भांडणाचं बोलते, कारण ते तसंच राहिलं.

चार वर्षांपूर्वी सीमाला पहिल्यांदा दिवस गेले होते. मी आले तेव्हा दुपार झाली होती. पुरुष जेवून ओसरीवर लवंडले होते. आत चुलीमागं सीमा बसली होती, पुढ्यात अर्धी भाकरी आणि खरवडलेल्या पातेल्यातलं पाणचट वरण. शेजारी तू, तुझं ताटही तसंच. तुझी सासू जाऊन वीस वर्षं झाली होती, पण तिची रीत तू जपून ठेवली होतीस. मी तुला विचारलं, हे काय चालवलंयस? तू शांतपणे म्हणालीस, "घराची पद्धत हाय ती. मी न्हाई का जगले?"

"तू जगली न्हाईस, अक्का," मी म्हणाले. "तू उरलीस."

सीमाच्या समोर म्हणाले. तू उठलीस, हात धुतलेस, माझ्या पिशवीत घरची तूरडाळ घातलीस आणि म्हणालीस, निघ, एसटी चुकंल.

त्यानंतर मी दीड वर्ष आले नाही. फोनवर आपण पाऊस, कापूस आणि तब्येत एवढंच बोलत होतो. मी तुला तुच्छ मानत होते. शब्द जड आहे, पण दुसरा बसत नाही. गोठ्यात राहून आलेली बाई दुसरीला त्याच वाटेनं नेते, असं मी माझ्या नवऱ्याजवळ कितीदा बोलले असेन. नातीच्या जन्माची बातमी बालाजीनं कळवली, वजन तीन किलोच्या जवळपास. मी सगळ्यांना सांगितलं, मी सीमाला लोहाच्या गोळ्या देऊन आले होते त्याचा गुण.

मी परत आले तेव्हा भांडायला तू राहिली नव्हतीस. तुला दिवस, वार, माणसं आठवेनाशी झाली होती. रक्त तपासलं तर त्यात बी-बारा जवळजवळ नव्हतंच. इंजेक्शनं दिली, थोडा फरक पडला, पण गेलेलं बहुतेक गेलंच. आणि मग तू मागायला लागलीस.

नुकतीच जेवलेली असायचीस. तरी ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला म्हणायचीस, "बाई, मला जेवायला देईनात." या घराची काय धांदल उडाली. तुला दिवसातून चार वेळा वाढायला लागले, लोकांना दिसेल असं ओट्यावर, वर तूप घालून. तू खायचीस आणि पुन्हा तेच म्हणायचीस. दाजींनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, घराची इज्जत घालवायलीय, खोटं बोलायलीय, तू समजावून सांग.

"खोटं बोलंना ती, दाजी," मी म्हणाले. "उशिरा बोलायलीय."

त्यांनी तुला आत नेलं आणि दाराला कडी घातली. याच तोंडानं ते पाहुण्यांना सांगत होते की तू कधी मागून खाल्लं नाहीस.

मग अंगणात पाय अडखळला आणि खुबा मोडला. ठिसूळ हाड, ऑपरेशन झेपणार नाही म्हणाले. तीन आठवडे तू पडून होतीस, छाती भरली आणि गेलीस. लोक म्हणाले, वय झालं होतं. पासष्ट.

चौदाव्या दिवशी मी आणि सीमा मागच्या खोलीत तुझी लुगडी निवडत होतो. मी बोलून गेले की तुझ्यावर माझी माया होती, पण सीमाच्या पोटाला तू चिमटा काढलास ते मी विसरणार नाही. सीमानं हातातलं लुगडं खाली ठेवलं. "मावशी, आईला असं बोलू नका," ती म्हणाली. आणि तिनं सांगितलं.

आपलं भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू तिला सरपण आणायच्या निमित्तानं शेतातल्या आखाड्यावर, खोपटाकडं, नेलंस. कडब्याच्या गंजीमागं तीन दगड मांडलेस आणि डब्यात दोन अंडी उकडलीस. तू, गळ्यात तुळशीची माळ घातलेली. या माळकरी घराच्या उंबऱ्याआत कधी अंड्याचं टरफलही आलेलं नाही. अंडी गयाबाई आणून द्यायची, बौद्धवाड्यातली, तुझ्याबरोबर तीस वर्षं निंदणी केलेली. तिच्या घरी कोंबड्या होत्या. एक दिवसाआड हे चाललं, नववा महिना लागेपर्यंत. सीमा खायची आणि तू रस्त्याकडं तोंड करून राखण करायचीस. टरफलं मातीत पुरायचीस. संध्याकाळी धारा स्वतः काढायला लागलीस, आणि बादली घरात यायच्या आधी लोटाभर दूध गोठ्यातच तिच्या हातात द्यायचीस. एकदा तिनं म्हटलं, आई, तुमीपण घ्या. तू माळ काढून बाभळीच्या फांदीला अडकवलीस, अर्धं अंडं खाल्लंस, आणि म्हणालीस, बरं लागतंय की.

अक्का, मला का नाही सांगितलंस? एक फोन. पाऊस-कापसाच्या मधे एक वाक्य. मी तुला चार वर्षं नावं ठेवत होते आणि तू मला ठेवू दिलीस. की मी म्हणाले ते तुला इतकं लागलं, की त्याचं उत्तर बोलून द्यावंसं वाटलं नाही?

त्या दिवशी मी रडले. तुझ्या लुगड्यांवर डोकं ठेवून रडले, आणि सीमा पाठीवर हात फिरवत राहिली. पण रडून झाल्यावर पुन्हा तीच चीड. शेत तुझ्या राबण्याचं, म्हशी तुझ्या हातच्या, सून तुझी, नातवंड तुझं, आणि दोन अंड्यांसाठी तुला चोरासारखं गंजीमागं बसावं लागलं. साठी उलटलेल्या घरच्या थोरल्या बाईला. हे दाजींच्या कानावर गेलं तर जाऊ दे. त्यांना राग आला तर मला बरंच वाटेल. इतक्या वर्षांत जेवणाच्या बाबतीत त्यांना काहीतरी वाटलं असं होईल.

माझ्या नवऱ्याचा काल जिंतूरहून फोन आला, कधी येतेस? मी निवृत्त आहे, मला कुणाला रजेचा अर्ज द्यायचा नाही. सांगितलं, सीमाचं बाळंतपण झाल्याशिवाय येत नाही. आणि गयाबाईच्या घरी जाऊन आले. ती म्हणाली, कोंबड्या हायत अजून.

आज सकाळी स्वयंपाक मी केला. दाजी आणि बालाजी पाटावर बसले. मी पहिलं ताट वाढलं, दोन भाकऱ्या, घट्ट वरण, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वाटीभर दूध, आणि ते दोघांच्या रांगेत ठेवून सीमाला बोलावलं. ती चौकटीत थांबली. दाजी म्हणाले, आधी आमचं होऊ द्या की.

"ती दोघांचं जेवायलीय, दाजी," मी म्हणाले. "तुमी एकट्याचं. थांबा जरा."

दाजींनी बालाजीकडं बघितलं. बालाजीनं आपला पाट भिंतीकडं सरकवला आणि मधे जागा केली. सीमा येऊन बसली. खाली मान घालून भराभर जेवायला लागली, कुणीतरी ताट उचलून नेईल अशी. मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, सीमा, मान वर करून जेव.

तिला थोडा वेळ लागला. पण केली, अक्का.